ठोकळ्याचा हातगुण

२ फेब्रुवारी, सोमवार

ताई ऑपरेशनला नाही म्हणते!

किडनीवर गाठ आहे, लहान आहे, आता काढली तर विषय संपला – सर्जनबाईंनी इतकं स्वच्छ सांगितलं. महिनाभर थांबता येईल, त्यापुढे नको. ताईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग कळलं की ऑपरेशन यंत्राच्या हातांनी होणार. चार हातांचा रोबो! घरी आलो. चपला काढता काढता म्हणाली, "यंत्राला कसला आलाय हातगुण? मी नाही त्याच्यापुढे आडवी होणार."

हातगुण! जन्मभर शाळेत गणित शिकवलेली बाई ही. मांजर आडवं आलं तर अपशकुन न मानता, बिचारं घाईत असेल म्हणून त्यालाच आधी जाऊ देणारी. मला हसू आलं. ती हसली नाही. भावोजी भिंग लावून कुणाचं तरी घड्याळ उघडून बसले होते, त्यांनी मान वरच केली नाही. इतक्या वर्षांच्या संसारात माणूस केव्हा बोलू नये एवढं शिकतोच.

भीती वाटली की माणसाचं गणित चुकतं, दुसरं काय.

३ फेब्रुवारी

सकाळी पुन्हा विषय काढला. तर म्हणे, "तू रेडिओवर रोबोंच्या गोष्टी लिहितोस ना? मग तुझ्या रोबोला हातगुण आणून दाखव. मला पटलं तर मी जाते."

"ताई, ती विज्ञानकथा आहे!"

"मग विज्ञानानं पटव."

अट म्हणजे अट. लहानपणापासून या बाईशी वाद घालून कोण जिंकलंय?

तर आता आली ठोकळ्यावर जबाबदारी. ठोकळा म्हणजे माझ्या मालिकेतला रोबो – इस्पितळात नर्सचं काम करतो, डोकं चौकोनी, स्वभावही चौकोनी. दर गुरुवारी संध्याकाळी लागतो. आजवर इंजेक्शन देणं आणि चादरी बदलणं यापलीकडे त्याचा पराक्रम नाही. त्यानं आता सिद्धी मिळवायची, तीही महिन्याभरात! ऋषीमुनींना हजार हजार वर्षं लागायची.

६ फेब्रुवारी

पहिला प्रयत्न. ठोकळा आजाऱ्याच्या कपाळावर हात ठेवतो आणि ताप सरसर उतरतो. डॉक्टर तोंडात बोटं घालतात.

मालिकेच्या निर्मातीबाईंचा फोन आला – "ही विज्ञानमालिका आहे की गंडेदोऱ्यांची जाहिरात? पुढच्या भागात लिंबू उतरवणार का तुमचा ठोकळा?"

ताईनं कागद घेतले, चष्मा लावला, लाल पेन काढलं. (अजून लाल पेन जवळ बाळगते!) दहापैकी दोन. शेरा – "उत्तर आले, रीत नाही."

९ फेब्रुवारी

रीत दिली. ठोकळ्याच्या तळहातातून विशिष्ट किरण निघतात, ते पेशींपर्यंत पोचतात, वगैरे. निर्मातीबाई खूश. "आता कसं!" म्हणाल्या.

ताई – दहापैकी तीन. "हा हीटर झाला. हीटरला हातगुण आहे असं कुणी म्हणतं का?"

बरोबर आहे, हेच वाईट आहे. कारण दिलं की चमत्कार संपतो, नाही दिलं की विज्ञान संपतं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे माझा चौकोनी डोक्याचा ठोकळा. रोबोला दैवी शक्ती असू शकते का, हा प्रश्न वाचनालयातल्या चर्चेत कुणी विचारला असता तर मी तासभर छान बोललो असतो. टाळ्याही पडल्या असत्या. आता बहिणीच्या किडनीवर बेतलंय तर जीभ उचलत नाही.

१० फेब्रुवारी

भावोजी आज बोलले! "साहित्यिक, अडलंय कुठे? यंत्र आहे, तंत्र आहे. राहिला एक मंत्र!"

काय बोलला माणूस! भाषेनंच सोय करून ठेवलेली, आणि मी शोधतोय किरण. यंत्र म्हणजे मशीन, आणि ताईतातलं तेही यंत्रच. झालं! बसलो लिहायला.

१२ फेब्रुवारी

मंत्र फसला. ठोकळ्याचा आवाज देणारा गृहस्थ मंत्र असा म्हणतो, की गाडी वीस मिनिटं उशिरा धावतेय असंच वाटावं. ध्वनिमुद्रण करणारा हसता हसता खुर्चीवरून घसरला. शेवटी निर्मातीबाईही हसल्या, आणि मग म्हणाल्या – "काढून टाका."

ताई – पुन्हा दोन. "पाठांतराला मी कधीच गुण दिले नाहीत."

१४ फेब्रुवारी

इस्पितळात जाऊन आलो. एकटाच. म्हटलं, ज्याच्याबद्दल लिहायचं तो प्राणी बघावा तरी.

सर्जनबाईंनी दाखवला. बिचारा! प्लास्टिकच्या झग्यात चार हात दुमडून कोपऱ्यात उभा, शिक्षा झालेल्या पोरासारखा. तो आपण होऊन काहीच करत नाही म्हणे. बाई खोलीतच जरा लांब बसतात, भिंगात बघतात, आपली बोटं हलवतात – तसे याचे हात हलतात. "माझा हात थरथरला तरी त्याचा थरथरत नाही," म्हणाल्या.

मी धीर करून विचारलं, "मग बाई, हातगुण कुणाचा? तुमचा की त्याचा? आणि तुमचा असला तर तो तारेतून पलीकडे पोचतो का?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "ताईंनी विचारायला सांगितलंय?" आवाज जरा चमत्कारिक वाटला. हसू दाबत असाव्यात. हसोत. माझ्या जागी असत्या म्हणजे कळलं असतं.

घरी येऊन ताईला सगळं सांगितलं. "तारेतून गुण वाहतो?" म्हणाली. "मग मध्येच वीज गेली तर?" मी डोक्याला हात लावला.

१७ फेब्रुवारी

काही सुचत नाही. चार पानं लिहिली, पाच फाडली.

१८ फेब्रुवारी

भावोजींच्या टेबलावर दोन घड्याळं होती. एकाच कंपनीची, एकाच खोक्यातली, एकाच दिवशी विकलेली. एक चोख चालतं, दुसरं रोज मागे पडतं. दोन्ही उघडून झाली, पुसून झाली, आतले भाग इकडचे तिकडे घालून झाले. "कारण असणारच," भावोजी म्हणाले. "मला सापडत नाही, एवढंच."

सापडलं मला! चहा तसाच टाकून उठलो.

२१ फेब्रुवारी

ठोकळ्याला भाऊ आणला. त्याच साच्यातला, तेच स्क्रू, तीच चौकोनी मान – धाकटा ठोकळा. दोघं तीच सुई टोचतात, तेच औषध देतात. पण थोरल्याच्या खोलीतले लोक लवकर उठून बसतात. धाकट्याच्या खोलीतले कण्हत पडून राहतात. मग काय! इंजिनिअर येतात, दोघांना उघडतात, हात बदलतात, डोकी बदलतात. तरी थोरला तो थोरलाच.

"कारण कुठाय?" – निर्मातीबाई.

मी म्हटलं, "बाई, अख्खा भाग ते कारणच शोधतायत. शोधणं हे विज्ञान. सापडलंच पाहिजे असं कुणी सांगितलं?"

फोनवर पानं पुन्हा चाळल्याचा आवाज. मग – "ठेवा हा भाग तसाच." हुश्श!

ताईनं दोनदा वाचलं. सात! पेन टेबलावर ठेवून म्हणाली, "पण धाकट्याला काय वाटत असेल रे? त्याची पानं कुठायत?"

खरंच की. त्याचा मी विचारच केला नव्हता.

२६ फेब्रुवारी

लिहिलं. एका झटक्यात लिहिलं, खोडाखोड नाही.

धाकटा ठोकळा थोरल्याला विचारतो, "तुझ्यात असं काय आहे, जे माझ्यात नाही?" थोरला म्हणतो, "काही नाही. मी सुई टोचण्याआधी हात पुढे करतो आणि थांबतो. माणूस आपला हात माझ्या हातात देईपर्यंत थांबतो. कधीकधी फार वेळ लागतो." धाकटा म्हणतो, "पण हे तर आपल्या यादीत नाही." थोरला म्हणतो, "नाही. मलाही माहीत नाही मी का थांबतो."

एवढंच. शक्ती म्हणा, बिघाड म्हणा, ज्याचं त्यानं ठरवावं.

ताईला दिलं आणि अंगणात जाऊन उभा राहिलो, निकालाच्या दिवशी उभा राहायचो तसा. तिनं हाक मारली. डोळे लाल होते, पेन बंद होतं. "नऊ," म्हणाली. "एक अक्षरासाठी कापलाय."

"आणि ऑपरेशन?"

"जाते की. बोलले ना."

मी उडीच मारली! या वयात! गुडघा दुखतोय. भावोजींनी लगेच फोन लावला, आणि काय नशीब – पुढच्याच गुरुवारची तारीख मिळाली!

५ मार्च, गुरुवार

बाहेरच्या बाकावर बसून लिहितोय. ताई आत आहे. जाताना म्हणाली, "आतल्या त्या चार हातवाल्याला सांगते, तू आणि आमचा ठोकळा एकाच साच्यातले." भावोजी घड्याळाकडे बघत नाहीयेत. मी त्यांना ठोकळ्याचा पुढचा भाग सांगतोय, ते ऐकल्यासारखं करतायत.

६ मार्च

गाठ निघाली. सगळी! ताई ठीक आहे.

सर्जनबाई बाहेर आल्या होत्या. म्हणाल्या, "आता सांगायला हरकत नाही. तुमच्या ताईंनी पहिल्याच दिवशी, तुम्ही खोलीबाहेर गेलात तेव्हा, होकार दिला होता. तारीखही तेव्हाच घेतली, आधीची शिल्लकच नव्हती. म्हणाल्या, 'आईच्या आजारपणात माझ्या धाकट्या भावानं अन्न सोडलं होतं, आईबरोबर तोही थोडक्यात जायचा राहिला. या वेळी त्याला महिनाभर पुरेल एवढा गृहपाठ देऊन ठेवते.'"

मी भावोजींकडे बघितलं. भावोजींनी चष्मा पुसायला घेतला.

तसाच आत गेलो, चांगला भांडायला. ताई डोळे मिटून पडली होती. माझी चाहूल लागली तसं न उघडताच म्हणाली, "जेवलास का रे?"

जेवलो होतो. पोटभर जेवलो होतो.