थोरले बंधू होण्याची तयारी

५ डिसेंबर, सोमवार. सकाळ.
काल मंडळाच्या मीटिंगमध्ये बॉम्ब पडला. अन्सेल्म म्हातारा पद सोडतोय. चोवीस वर्षं तो आमच्या वाइनप्रेमींच्या ‘जुनी वेल बंधुमंडळा’चा थोरला बंधू होता. आता चौऱ्याऐंशीचा झाला. म्हणाला, मखमलीचा झगा घालून चर्चच्या पायऱ्या चढवत नाहीत, गुडघे बोलतात. एकवीस जानेवारीला निवडणूक. बावीसला द्राक्षमळेवाल्यांच्या संत विन्सेंटची मिरवणूक, ती नव्या थोरल्या बंधूच्या हाताखाली निघेल.
हे सांगताना ‘कुणीतरी लायक माणूस’ असे शब्द त्याने वापरले आणि त्याच क्षणी त्याची नजर माझ्यावर स्थिरावली. जिनेतचं म्हणणं, माझ्या डोक्यामागे भिंतीवर घड्याळ आहे. बायकोला अशा गोष्टी कळत नाहीत. शिवाय ती मंडळाची सभासद नाही.
ठरवलं: उमेदवारीचा गाजावाजा करायचा नाही. लोकांनीच मागणी केली पाहिजे.

५ डिसेंबर. दुपार.
खाटिकाला सांगितलं. औषधाच्या दुकानात रांगेतल्या पाच जणांना सांगितलं. बेकरीवालीला सांगायला गेलो तर तिला आधीच कळलं होतं. म्हणजे गावात मागणी आहे.

७ डिसेंबर.
संकल्प.
एक, रोज नाकाचा व्यायाम, म्हणजे वाइन हुंगून ओळखणे.
दोन, शपथ तोंडपाठ.
तीन, भाषण लिहायला घेणे.
चार, झगा घालून बघणे.
चौथा आजच उरकला. झगा आटलाय. अकरा वर्षांपूर्वी शिवला तेव्हा छातीशी दोन बोटं जागा होती, आता बटणं काजापर्यंत पोचत नाहीत. आमच्या रोकेसाल गावच्या हवेत दमटपणा फार. जिनेत म्हणाली, मखमल आटत नाही रे, माणूस पसरतो. लक्ष दिलं नाही. उद्यापासून फक्त सूप.

८ डिसेंबर.
सूप घेतलं. सोबत ब्रेड. ब्रेड नुसता खाववत नाही म्हणून चीज. चीज कोरडं लागतं म्हणून एक ग्लास वाइन. तो मात्र नाकाच्या व्यायामात धरलाय.

१० डिसेंबर, शनिवार.
ऑर्तांस विदालही उभी राहतेय! हसू आलं. बाई कष्टाळू आहे, नाही म्हणत नाही. नऊ हेक्टरचा द्राक्षमळा एकटी सांभाळते, मीटिंगला चिखलाच्या बुटांनी येते, बोटाला नेहमी कसली तरी पट्टी. पण पद म्हणजे रुबाब. मी तेहेतीस वर्षं पोस्टात काढली, त्यातली नऊ खिडकीमागे प्रमुख म्हणून. लोकांसमोर बसायचं कसं हे मला शिकवायला नको.
शिवाय बाई ‘थोरला बंधू’ कशी होणार? घटना काढून वाचली. त्याबद्दल एक अक्षर नाही. आपली परंपरा सोळाव्या शतकातली असं आम्ही पाहुण्यांना सांगतो, पण घटनेवर तारीख १९५८ची आहे. झगे बंद पडलेल्या सिनेमागृहाच्या पडद्यातून शिवले होते असं अन्सेल्म हळूच सांगतो. हे पाहुण्यांना सांगायचं नसतं.
ऑर्तांसला बाजारात गाठलं आणि मोठ्या मनाने म्हणालो, हरलीस तर मनाला लावून घेऊ नकोस हं. ती म्हणाली, बरं. आणि कांदे निवडत राहिली. दबली बिचारी.

१७ डिसेंबर. संध्याकाळ.
आजचा दिवस ऐतिहासिक.
साठ किलोमीटरवर सॉसेज बंधुमंडळाचा सोहळा होता. आम्ही सहा जण ऑर्तांसच्या व्हॅनमधून गेलो. निशाण माझ्याकडे, ते गेली अकरा वर्षं माझ्याकडेच असतं. चेस्टनटवाले हिरव्या झग्यात, गोगलगायवाले पिवळ्या टोप्यांत, कांदेवाले गळ्यात कांद्यांच्या माळा घालून. अशा वेळी वाटतं, या देशात अजून काही गोष्टी नीट चालल्यात.
अन्सेल्मला सर्दी. त्याने मला सांगितलं, लेओन्स, आपल्यातर्फे दोन वाक्यं बोल. संधी! मी एकोणीस मिनिटं बोललो. द्राक्ष, माती, माणूस असं तिन्ही घेतलं. मध्येच तीनदा टाळ्या पडल्या, प्रत्येक वेळी लांबलचक, एकदा तर सगळे उठूनच उभे राहिले. मी हात करून त्यांना बसवलं आणि पुढे चालू ठेवलं.
सॉसेज गार झालं होतं. यजमानांनी ते वेळेवर आणायला नको होतं.
एक किरकोळ अपघात. निशाण भिंतीला टेकवलं होतं, ते घसरून मोहरीच्या चटणीच्या पातेल्यात पडलं. ऑर्तांसने तिथेच बाही वर सारून गार पाणी आणि मीठ लावून ते धुतलं. या कामांसाठी ती उत्तम आहे. निवडून आल्यावर तिला एखादी समिती देईन.
परतताना व्हॅनमध्ये कुणीच बोललं नाही. भारावले होते.

२५ डिसेंबर.
ऑयस्टर. बदकाचं काळीज. केक. सुपाचा संकल्प सणापुरता स्थगित. नाकालाही सुट्टी.

३ जानेवारी.
आता गंभीर तयारी. प्रथेप्रमाणे दोन्ही उमेदवारांनी सगळ्यांसमोर पाच ग्लास चाखायचे आणि त्यातला आपल्या गावचा कुठला ते सांगायचं. लेबलं झाकलेली. माझ्यासारख्याला हा पोरखेळ, तरी प्रॅक्टिस म्हणून जिनेतला तीन ग्लास भरायला लावले.
पहिला उचलला. डोळे मिटले. म्हणालो, आपली टेकडी, दक्षिण उतार, २०१५, मागे किंचित चामड्याचा वास. जिनेत म्हणाली, चुलीशेजारची वाइन आहे, मटणात घालते ती, कागदी खोक्यातली.
हा सरळसरळ दगा आहे. दुसरे दोन चाखलेच नाहीत.

८ जानेवारी.
भाषण चौदा पानं झालं. जिनेतला वाचून दाखवायला बसलो. चौथ्या पानाला तिला बहिणीला फोन करायचं आठवलं. सहाव्या पानाला मला स्वतःलाच गहिवरून आलं.

१४ जानेवारी, शनिवार. दुपार.
लिहायचं नव्हतं. पण लिहितो, कारण पुढे इतिहासात विपर्यास होऊ नये.
ग्रामपंचायतीचा हॉल भरलेला. पाच ग्लास. हीटर इतका तापवलेला की नाकाला काही कळेना. त्यातून मला दोन दिवस सर्दी होती, म्हणजे होणार होती. तरी चौथा ग्लास तोंडात घेतला आणि आतून आवाज आला. उठून उभा राहिलो. म्हणालो, बंधूंनो, हीच! ही आपली दगडाळ माती, हा आपला पाऊस, हिच्यात माझं बालपण आहे.
अन्सेल्मने बाटलीवरचं कापड काढलं. पुइमोरेंची निघाली. नदीपलीकडचं पुइमोरें! ज्या गावाशी आपण चाळीस वर्षं धड बोलत नाही ते!
 मागून खाटीक म्हणाला, अरे, याचं बालपण पलीकडे गेलं काय? आणि मग जे हसले ते हसले.
ऑर्तांसने पाचही नुसते हुंगले. दुसऱ्यावर थांबली, एक घोट घेतला आणि म्हणाली, ही दफनभूमीच्या मागच्या तुकड्यातली आहे, अन्सेल्मची स्वतःची, आणि त्या वर्षी त्याने तोडणी उशिरा केली होती. बाटली तीच निघाली. म्हाताऱ्याने रुमाल काढून नाक पुसलं.
नंतर अन्सेल्मने मला कोपऱ्यात घेतलं. हात खांद्यावर ठेवून म्हणाला, लेओन्स, तुला वाइन आवडते का रे? मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला! तो म्हणाला, मग पिताना इतकं बोलतोस कशाला, जरा तिचंही ऐकत जा.
सूचना समजली. भाषण बारा पानांवर आणतो.

१८ जानेवारी.
परिस्थितीचा आढावा घेतला. एकूण सभासद एकोणतीस. माझे पक्के: बावीस. काठावरचे: सहा. ऑर्तांसची: ती स्वतः. ते ग्लासाचं प्रकरण लोक विसरलेत. आज बेकरीत फक्त दोघांनीच मला पुइमोरेंला राहायला कधी जातोस असं विचारलं.
झग्याला जिनेतने दोन्ही बाजूंनी कापडाच्या पट्ट्या जोडल्या. रंग थोडा वेगळा आहे, पण हात खाली ठेवले तर दिसत नाही. मतदानाच्या दिवशी हात खाली ठेवायचे.

२१ जानेवारी, शनिवार. सकाळ आठ वाजता.
आज तो दिवस. गार वारा, पण ऊन आहे.
आरशासमोर उभा असताना एक विचार आला. समजा ऑर्तांसला तिच्या एकट्याच्या मतापलीकडे काहीच पडलं नाही तर? सगळ्या गावासमोर बाईची शोभा होईल. मोठ्या माणसाने अशा वेळी मोठेपणा दाखवावा. मी माझं मत तिला देणार! एवीतेवी स्वतःच्या नावापुढे फुली मारणं सभ्य दिसत नाही. एका मताने मला काय फरक पडतो?
कुणाला सांगणार नाही. नंतर कधी तरी सहज कळलं तर कळलं.

२१ जानेवारी. दुपार चार वाजता.
मतं द्राक्षाच्या टोपलीत टाकली. मोजणी चिटणिसाने केली.
ऑर्तांस विदाल, अठ्ठावीस.
लेओन्स बार्जाक, एक.
पुन्हा मोजायला सांगितलं. पुन्हा तेच.
भाषण खिशातच राहिलं. जिनेतने दारात माझा चेहरा बघितला आणि बटाटे घालून बदकाचा रस्सा केला.

२२ जानेवारी, रविवार.
संत विन्सेंट. निशाण घेऊन मी पुढे. वारा असा की निशाणाने माझी टोपी दोनदा उडवली. मागे चौघांच्या खांद्यावर संताचा पुतळा, त्यामागे ऑर्तांस. अन्सेल्मने स्वतःचं पदक काढून तिच्या गळ्यात घातलं. झगा तिला लांब होतो, चर्चच्या पायऱ्या चढताना तिने तो सरळ गुडघ्यापर्यंत वर धरला, खाली चिखलाचे बूट. लोकांना त्याचंच कौतुक!
सात नवे बंधू झाले. तिने प्रत्येकाला भरलेला ग्लास दिला, त्याने तो एका दमात रिकामा केला, मग जुन्या वेलीच्या खोडाने दोन्ही खांद्यांवर थाप. भाषणाची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, गारठा आहे, आत चला, सूप गरम आहे. बस्स! एवढंच. आणि टाळ्या थांबेनात.
मला प्रश्न एकच छळतोय. ते एक मत कुणाचं? माझं तर नाही. म्हणजे एकोणतीस जणांत एक माणूस असा आहे, ज्याने मला ओळखलं. संख्या नाही, दर्जा बघायचा असतो.

२४ जानेवारी.
शोध सुरू. औषधवाल्याचा हात हातात घेऊन म्हणालो, तुमचे उपकार विसरणार नाही. तो गोंधळला. म्हणाला, मलमाबद्दल म्हणताय का?
खाटिकाकडे गेलो. नुसतं बघून हसलो, कळत असेल तर कळावं म्हणून. त्याने विचारलं, पाव किलो की अर्धा?

२६ जानेवारी.
अन्सेल्म. तोच असणार, जुना माणूस, पारख असलेला. आगीपुढे बसला होता. मी म्हटलं, अन्सेल्म, लपवू नकोस, तूच ना? त्याने आगीत एक लाकूड सारलं. म्हणाला, नाही रे पोरा. खोटं बोललो असतो, पण उद्या तू ते गावभर सांगशील.
माझ्या यादीत उरले चिटणीस, शिंपी, आणि मंडळातले ते दोघे जुळे भाऊ. जुळे असणं शक्य नाही. त्यांची दोन मतं पडली असती.

२९ जानेवारी, रविवार. दुपार दोन वाजता.
मंडळाची घटना आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे होती, ती ऑर्तांसला द्यायला मळ्यात गेलो. रविवार असूनही छाटणी चालली होती. एकटीच. वाफाळता श्वास, हातात कात्री.
किल्ली घेतली आणि म्हणाली, गावात ऐकलं, तुम्ही ते मत शोधताय. थांबा आता, बंधू. लोकांना ओशाळल्यासारखं होतं.
मी म्हटलं, मला फक्त आभार मानायचेत.
ती म्हणाली, मग माना. माझं होतं.
मला आधी कळलंच नाही. ती म्हणाली, स्वतःला मत देणं बरं दिसेना. आणि वाटलं, तुम्हाला एकही नाही पडलं तर त्या चौदा पानांचं काय होईल. जिनेतताईंनी सांगितलं होतं मला, किती पानं आहेत ते.
तोंडातून निघून गेलं, की मी माझं तुला दिलं. तुझी शोभा होऊ नये म्हणून.
ती मग अशी हसली, अशी हसली, की कात्री खाली ठेवून बांधावरच बसली. डोळ्यांतून पाणी. मला राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण ती बाजूला सरकली आणि मी तिच्या शेजारी बसलो, आणि काय कोण जाणे, मलाही हसू आलं. बरंच. बारा पानांच्या भाषणात इतकं हसू कुठेच नव्हतं.
मग ती म्हणाली, आलाच आहात तर ही ओळ धरा. दुसरी कात्री दिली. दाखवलं, काडीवर दोन डोळे, कोंब फुटायचे ते, ठेवायचे, बाकी उडवायचं. पहिली वेल छाटली. दुसरी छाटली. तिसरीपाशी तिने माझ्या हातातून कात्री काढून घेतली आणि म्हणाली, तुम्ही काड्या गोळा करा.
गोळा केल्या. तीन ओळींच्या. चांगल्या गोळा होतात माझ्याकडून.
असं ती म्हणाली नाही. मला वाटलं.