बोर्ड नसलेली गाडी

सोलापूर,
गुरुवार, दुपार

प्रिय अभि,

तू सहा-सात वर्षांचा असताना रविवारी सकाळी स्वयंपाकघरात एसटी चालवायचास. पाट म्हणजे सीट, स्टीलची मोठी ताटली म्हणजे स्टिअरिंग, आणि भिंतीला टेकून ज्वारी निवडत बसलेली मी, तुझी एकुलती एक प्रवासी. कुठं जायचं, असं तू कंडक्टरच्या आवाजात विचारायचास. मी म्हणायचे, ने कुठंही. त्यावर तू चिडायचास. "तसं नसतंय आई, गाडीला बोर्ड लागतोय." मग मी माहेरचं नाव घ्यायचे, कुर्डुवाडी, आणि तुझी ताटली फिरायला लागायची. एकदा तुझे अण्णा एसटीच्या ड्यूटीवरून आले आणि दारात उभे राहून बघत राहिले. म्हणाले, "ड्रायव्हरसाहेब, मला बिनबोर्डाच्या गाडीत बसीव की. बोर्ड बघून तर मी रोजच चालवतोय."

ही आठवण दिवाळीपासून डोक्यातून जात नाही. तू अण्णांच्या खोलीत तुमच्या गेमची ती सीट, स्टिअरिंग, तीन पेडल आणि टेबलाएवढा पडदा मांडलास आणि म्हणालास, रेसचा नाद नसलेलं माणूस मला हवंय, तू चालवून बघ. तुमच्या ऑफिसातला वाद तू मला जेवताना समजावलास. तुमचा गेम खऱ्या गाडीसारखा. टायर तापतात, वळणावर वजन एका अंगाला जातं, ब्रेक उशिरा लावला तर उशीरच होतो. तुझ्या भागीदारांचं म्हणणं, अशा गेमला ट्रॅक पुरे. ट्रॅकचा इंच न् इंच मोजलेला असतो. खेळणाऱ्याला गावोगाव भटकायला सोडलं की तो खरेपणा पातळ होतो, आणि एवढे रस्ते बनवायला माणसं आणायची कुठून. तुझं म्हणणं, शर्यत संपली की माणसाला गाडी काढून वाटेल तिकडे जाता आलं पाहिजे. नमुना म्हणून तू आणि तुमच्याकडे रस्ते आखणाऱ्या अपेक्षानं वर्षभर खपून एकच रस्ता केलात, सोलापूर ते सांगोला, चौपदरी होण्याआधीचा. तो ठेवायचा की काढून टाकायचा ते सोमवारच्या मीटिंगमध्ये ठरणार. काढला तर अपेक्षाचं तुमच्याकडचं काम संपणार, हेही तू सांगितलंस.

दोन दिवस चालवून झाल्यावर मी तुझ्या मोबाइलसमोर बसून शाळेत बोलायचे तशी बोलले. शिकणाऱ्याला रस्ता आखून दिलेला असावा, मोकळं सोडलं की शिस्त जाते, मला तर त्या लांब रस्त्यावर कंटाळा आला, काढून टाका. तू रेकॉर्डिंग बंद केलंस. मग हसून म्हणालास, "संपलं. आईलाच कंटाळा आला तर लोकांना काय सांगू." आणि तो व्हिडिओ तू सोमवारी दाखवणार आहेस, कारण तुझ्याविरुद्ध गेलेलं मत लपवणाऱ्यांतला तू नाहीस. अभि, तो दाखवू नकोस. मला कंटाळा आला नव्हता. मी घाबरले होते. कशाला, ते सांगायला मला आठ वर्षं लागली. फोनवर सांगायला गेले तर मी मध्येच तुझ्या जेवणाची चौकशी करीन, म्हणून लिहिते आहे.

लहानपणी आमच्या कॉन्व्हेंटमध्ये शुक्रवारी ख्रिश्चन मुली एकेक करून चॅपेलमध्ये आपली पापं सांगायला जायच्या. आम्ही बाकीच्या बाहेर पायरीवर बसायचो. त्या बाहेर येऊन लगेच शिवणापाणी खेळायला लागायच्या आणि मला त्यांचा हेवा वाटायचा. आमच्यासाठी तशी सोय नव्हती. आम्हाला सिस्टरांनी शिकवलं ते चारचौघांत न चुकणं. वही बिघडली तर पान फाडायचं, पण खाडाखोड दिसू द्यायची नाही. ते मात्र मी फार मन लावून शिकले.

रिटायर झाल्यावर अण्णांनी ती जुनी पांढरी गाडी घेतली, तेव्हा तू पुण्यात होतास. सकाळी चावी बोटात फिरवत ते विचारायचे, "बाई, कुणीकडं?" मी म्हणायचे, कुठंही, आणि त्यांचा चेहरा उजळायचा. माळशिरसकडे नुसता ऊस बघायला गेलो आहोत. कुर्डुवाडीच्या स्टेशनवर एक चहा पिऊन परत आलो आहोत. मी गाडी शिकावी हा हट्टही त्यांचाच. "माझ्या मागं तू कुणाच्या तोंडाकडं बघत बसू नगंस." मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची. क्लास लावला तर गाडीवर तो लाल 'एल' आला, आणि या गावात चौकाचौकात माझे विद्यार्थी उभे. त्यांच्यासमोर बंद पडलेल्या गाडीत बसायची मला लाज वाटली. म्हणून क्लास नाही, लायसन्स नाही, कुणाला पत्ता नाही. तुलाही नाही. गावाबाहेर पडलो की अण्णा गाडी कडेला घ्यायचे आणि आम्ही जागा बदलायचो. ते सहा फुटी, मी पाच फूटही नाही. सीट पुढे ओढली की खटकन वाजायची. तो आवाज मला फार आवडायचा.

आता तुला कळलं असेल. तरी मला लिहू दे.

त्या दिवशी आम्ही तुझ्या चार वर्षांच्या पिंकीला घेऊन सांगोल्याला तुझ्या वच्छलाआत्याकडे डाळिंबं आणायला निघालो होतो. मंगळवेढा मागे पडल्यावर मी म्हणाले, मला द्या. ते म्हणाले, "पोरगी हाय मागं. आज नगं." मी म्हणाले, तुमचा माझ्यावर विश्वास नाही. हे मी मुद्दाम म्हणाले, कारण त्यापुढे ते कधी टिकत नसत. ते उतरले. त्या वळणाच्या अलीकडे शेरडं रस्त्यावर आली. पाच-सहा होती आणि पळतही नव्हती, अगदी सावकाश चालली होती. ब्रेक समजून मी पाय दाबला तो ॲक्सिलरेटरवर. तू नेहमी विचारायचास ना, रस्त्यावर ब्रेकची खूण कशी नाही. नव्हतीच. ब्रेक लागलाच नव्हता.

गाडी कडेच्या चारीत उतरून बाभळीवर आदळली. अण्णांनी पिंकीला बाहेर काढून माझ्या मांडीवर ठेवलं. त्यांच्या बरगड्या मोडल्या होत्या हे नंतर कळलं. शेतातून माणसं ओरडत येत होती. ती पोचायच्या आत ते वाकून पुन्हा गाडीत शिरले. मला वाटलं, पाण्याची बाटली घ्यायला. त्यांनी माझी सीट मागे ढकलली. खटकन आवाज आला. बाहेर येऊन माझ्याकडे न बघता म्हणाले, "गाडी मी चालवत हुतो. ध्यानात ठेव."

दवाखान्याच्या व्हरांड्यात तू त्यांना जे बोललास ते मी थर्मास धरून ऐकलं. "पंचवीस वर्षं विनाअपघात. तो बिल्ला फेकून द्या आता. झोपला होतात तुम्ही. माझी पोरगी पुन्हा तुमच्या गाडीत बसणार नाही." ते एवढंच म्हणाले, "चुकलं माझं." तुझा दोष नाही. तुझी मुलगी आत होती, तिचा हात तीन ठिकाणी मोडला होता. घरी आल्यावर मी अण्णांना म्हणाले, मी सांगते त्याला खरं. ते म्हणाले, "बोलू दे मला. चार म्हयन्यांत इसरंल पोरगं. तुला बोललं तर तू मनाला लावून घेशील. आन गाडी तुझ्या हातात दिली कुणी, मीच की." मला तेच ऐकायचं होतं, म्हणून मी ऐकलं.

चार महिन्यांत तू विसरला नाहीस. हॉलमधला त्यांचा सत्काराचा फोटो तू उतरवलास. पुढच्या दिवाळीत ते पिंकीचा हात धरून कोपऱ्यावर दूध आणायला निघाले, तेव्हा तू दहा पावलं अंतर ठेवून मागे गेलास. त्यांनी वळून पाहिलं नाही, पण त्यांना कळलं होतं. आल्यावर दुधाची पिशवी माझ्या हातात देऊन ते बराच वेळ मोरीत पाय धूत राहिले. तीन वर्षं ते असे जगले आणि गेले. त्यांच्यामागेही मी पाच वर्षं गप्पच. त्यांना दिलेला शब्द पाळते आहे, असं मी स्वतःला सांगायचे. शब्दबिब्द काही दिला नव्हता. गप्प राहणं सोयीचं होतं.

या दिवाळीत तू मला तुझा रस्ता दाखवलास. झाडं, मैलाचे दगड, मंगळवेढ्याच्या पुढचं काळं रान, सगळं बरोबर. वळणाशी गाडी थांबवलीस आणि म्हणालास, "बघ आई, लांबून सगळं दिसतंय. मी इथून शेकडो वेळा गेलोय. झोप लागल्याशिवाय इथं गाडी बाहेर जात नाही." तेव्हा मला समजलं की हा रस्ता तू कशासाठी बनवला आहेस. इतकी वर्षं तू तिथे अण्णांची चूक शोधतो आहेस. आणि अशी ती शोधत राहिलास तर एक दिवस माझी सापडेल. म्हणून मी म्हणाले, काढून टाका.

तुम्ही पुण्याला गेलात, सामान इथेच राहिलं. मी दुपारी बसायला लागले. बसताना सीट पुढे घ्यायची, उठताना तुझ्या मापाला मागे ढकलायची, म्हणजे कुणाला कळू नये, घरात दुसरं कुणी नसतानाही. आधी ट्रॅकवरच फिरले. तिथे गाडी गवतात गेली की एक बटण दाबायचं, ती आपोआप रस्त्यावर येते, तोंडही बरोबर दिशेला. मला ते फार बरं वाटायचं. मग एक दिवस धीर करून सांगोल्याचा रस्ता उघडला. त्या वळणावरून तेरा वेळा नीट गेले. चौदाव्यांदा स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, मी दचकले आणि पाय चुकला. तोच पाय, तीच चूक. गाडी चारीत गेली. मी बटण शोधलं. त्या रस्त्यावर तुम्ही ते ठेवलेलंच नाही. गाडी तिरकी पडून राहिली, काचेत नुसतं आभाळ. डाळ करपल्याचा वास येईपर्यंत मी तशीच बसले होते. मग उठले, सवयीनं सीट मागे ढकलली, आणि रोज वाजणारा तो आवाज त्या दिवशी मला ऐकू आला.

तेव्हा माझं मत, जे तू विचारलं होतंस, ते हे. मोकळ्या रस्त्यानं खरेपणा कमी होतो असं मला वाटत नाही. ट्रॅकवर चूक सेकंदांत मोजतात आणि पुसतात. खऱ्या रस्त्यावर ती जिथे होते तिथेच पडून राहते, आणि ज्याची त्याला बाहेर काढावी लागते. तुमच्या त्या रस्त्यावर तसं होतं, म्हणून तो ठेवा. आणि आयुष्यभर बोर्ड बघून गाडी चालवलेल्या माणसांना शेवटी कुठंही जाता यावं, एवढ्यासाठीही ठेवा. हवं तर सोमवारी मी फोनवरून तुझ्या भागीदारांशी स्वतः बोलते, माझ्या खाडाखोडीसकट.

हे पत्र आणि एक डबा इसूफभाई घेऊन येत आहेत. ते पुण्याला लेकीकडे निघालेत. अण्णांचे डेपोतले सगळ्यांत जुने सोबती, त्या दिवशी गाडी ओढून आणली तीही त्यांनीच. सकाळी त्यांना हे सांगितलं. ते चहा पीत राहिले, मग म्हणाले, "भाभी, उस्तादनं सीट मागं केली, पण आरसा ऱ्हायला की. आरसा तुमच्या उंचीचा होता. मैंच सीधा किया." आठ वर्षं त्यांना माहीत होतं. तरी स्टँडवर अण्णा दिसले की ते सगळ्यांदेखत विचारायचे, "काय उस्ताद, शेरडांनी ओव्हरटेक केलं म्हणं?" मला तो माणूस निर्दयी वाटायचा. लोकांचा विश्वास बसावा म्हणून अण्णांनीच त्यांना तसं चिडवायला सांगितलं होतं, हे मला आज कळलं.

आता डब्यातल्या वस्तू. सत्काराचा फोटो तुझा, तो कुठे लावायचा ते तू ठरव. वहीची चार पानं अपेक्षासाठी, रस्त्यातल्या दुरुस्त्यांची. मंगळवेढ्याच्या पुढे टँकर भरायची टाकी तिनं उजवीकडे दाखवली आहे, ती डावीकडे होती. आणि तिला शेरडं घालायला सांग, सावकाश चालणारी. हे पत्र वाचून झालं की पूनमला दे. तुझी बायको अण्णांना कधी एक शब्द उलट बोलली नाही, आणि दर दिवाळीला त्यांच्या पाया पडली. इथली सीट मी पुढे ओढून तशीच ठेवली आहे, आलास की बघशील. राहिला बिल्ला, तो पिंकीचा. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर ती म्हणाली होती, आजी गाडी चालवत होती. तू माझ्याकडे पाहिलंस. मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, नाही गं बाळा, तुला स्वप्न पडलं. ती तीनदा म्हणाली आणि मी तीनदा तेच सांगितलं. मग तिनं म्हणणं सोडलं. या दिवाळीत करंज्या लाटताना ती मला सहज बोलून गेली, "आजी, मला जे आठवतं ना, ते खरं नसतं. लहानपणापासून माझं तसंच आहे." बारा वर्षांची पोर. तिच्या हातानं पारी लाटली जात होती, तो कोपर अजून पुरता सरळ होत नाही. तेव्हापासून मला हे पत्र लिहायचं होतं. बिल्ला तिच्या हातात दे, आणि दुसरं काहीही सांगायच्या आधी एवढं सांग, की तिला स्वप्न पडलं नव्हतं.

ठेवलीस तर अजूनही तुझीच,
आई