बाबांची खोली लाल

३ डिसेंबर
घरातला वीजवापर पहिल्यांदाच घटला. बायकोने स्वतः मीटरपाशी जाऊन खात्री केली. परत येऊन म्हणाली, घटणारच, बाबांनी आज गार पाण्याने आंघोळ केलीय.
कारण काहीही असो, माझं ॲप चालतंय. प्रत्येक खोलीला एक चेहरा. काटकसर केली तर हिरवा, हसरा. उधळपट्टी केली तर लाल, रडका. हॉलमधल्या टॅबवर सगळ्यांना दिसतो. डिझाइनमध्ये पारदर्शकता हवीच.
बाबांची खोली रोज लाल. वाईट वाटतं. पण वडील म्हणून आकड्यांत सवलत द्यायची का?
संकल्प: लाल रंग जरा सौम्य करणे.

५ डिसेंबर
लालचा डाळिंबी केला. मुलीने घरभर ओरडून सांगितलं, आजोबा आज डाळिंबी झाले!
बाबांनी हीटर बंद केला. थंडीत त्यांचे गुडघे धरतात, कबूल. पण हीटर बंद करा असं मी म्हटलं नव्हतं. ॲप म्हणालं.
नंतर ते टॅबसमोर हात जोडून उभे राहिले. साहेब, पेपर वाचायला दिवा लावू का, असं विचारत होते. टोमणा असावा. यूजर फीडबॅक म्हणून टिपून ठेवलं.

८ डिसेंबर, संध्याकाळ
बाबा खोलीत अंधारात बसले होते. काय करताय विचारलं, तर म्हणाले, तुझी वीज वाचवतोय.
मला जेवण गेलं नाही. बाबांना खोकलाही झालाय.
बायको म्हणाली, तो टॅब आत्ताच्या आत्ता काढ. म्हटलं, ऑफिसात डेमो आहे, तो झाला की लगेच.
एक गोष्ट मात्र खटकते. अंधार असूनही बाबांची खोली लाल. गुपचूप काहीतरी चालू ठेवत असणार. या वयात माणसं लपवाछपवी करतात.

९ डिसेंबर
केर काढताना बायको वायरीला अडखळली. बाबांच्या पलंगामागच्या प्लगमधून निघालेली एक्स्टेन्शन कॉर्ड, दाराखालून थेट माझ्या टेबलाशी. तिच्यावर दोन मॉनिटर आणि जुना कॉम्प्युटर. तो कधीच बंद नसतो, कारण घरातल्या विजेचा हिशोब तोच ठेवतो.
वायर मीच टाकली होती. माझ्या खोलीतला प्लग सैल होता.
बायको म्हणाली, म्हणजे लाल तू आहेस.
तांत्रिकदृष्ट्या, हो.
बाबांना सांगायला लगेच गेलो. ते झोपले होते. म्हणजे डोळे मिटलेले होते. उठवणं बरं दिसलं नसतं.

१० डिसेंबर
नुसतं तोंडाने सांगण्यात काय अर्थ? ॲपमध्ये माफीचा वेगळा स्क्रीन करायला घेतला. ‘गणनेत त्रुटी आढळली’ फार कोरडं. ‘क्षमस्व’ म्हणजे दुकान बंद असल्यासारखं. ‘बाबा, चुकलो’ चांगलं आहे, पण फॉन्ट ठरत नाही. दिवस त्यातच गेला. पलीकडे बाबा खोकत होते, त्यामुळे लक्षही लागत नव्हतं.
ताईचा फोन. बाबांनी तिला सगळं सांगितलंय. तिने आधी मला मनसोक्त झापलं. मग आवाज उतरवून म्हणाली, अरे, स्वतःच्या मुलाच्या घरात बटण दाबायची भीती वाटते रे त्यांना. मी त्यांना घेऊन जाते, कायमचं. मी म्हटलं, गैरसमज झालाय, स्क्रीन तयार होतोय. तिने फोन ठेवला.

११ डिसेंबर, संध्याकाळ
माफीचा स्क्रीन बाबांच्या मोबाइलवर पाठवला. पोचला नाही. बायको म्हणाली, चार्जिंगला वीज लागते म्हणून त्यांनी तो बंद करून ठेवलाय.
मग स्वतःच गेलो. ते बॅग भरत होते. मला पाहून म्हणाले, भरेपर्यंत दिवा राहू दे ना? तेव्हाच बोलायला हवं होतं. मी बॅगेची चेन लावून दिली. अडकली होती, बराच वेळ गेला. ते थँक्यू म्हणाले. मला, थँक्यू.
निदान वायर तरी काढली. प्लग दुरुस्त करून सगळं माझ्या खोलीतल्या लाइनवर घेतलं. त्यामुळे उद्या सकाळी आठच्या हिशोबात बाबांची खोली पहिल्यांदाच हिरवी होईल. खोली हिरवी झाली की ॲप घरातल्या सगळ्यांना आपोआप मेसेज पाठवतं. ताईचा नंबर मीच कौतुकाने जोडला होता. तो काढायचा कुठून, हे सापडत नाहीये. ते बटण मी बनवलेलंच नाही.
ताई उद्या सकाळी आठला गाडी घेऊन येईल. बाबा पुढे बसतील. साधारण त्याच सुमारास तिच्या मोबाइलवर टाळ्यांचा आवाज येईल: अभिनंदन! बाबांनी करून दाखवलं!