नाम्याचा चमचा

९ नोव्हें., रविवार. मूल, जि. चंद्रपूर

आजवर या हातांनी केलेलं, शिकवायला कोणी नसताना: घराची सगळी दारं, खिडक्या. पोरीच्या लग्नातला पलंग, एकही खिळा न मारता. हिची काठवट, एकाच खोडातली. सलीमच्या दुकानातले खण, अजून एका बोटानं सरकतात. नाटक मंडळाचं सिंहासन, किती राजे बसून गेले, करकरलं नाही. बैलबंडीचं चाक, एकदाच, फसलं. फसलेलंही लिहायचं.

आज त्यात एक चमचा.

नाम्यासाठी. पलंगाचं सागवान उरलं होतं त्यातला. पान अरुंद, पातळ, दांडा लांब. जवसाचं तेल दोनदा दिलं. उजेडात धरला की रेषा टोकापर्यंत सलग पळतात. बघत बसलो. ही जेवायला हाका मारून थकली.

माप घेणंच अवघड गेलं. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन नाम्याचं तोंड आखडलं आहे. आ करून दाखव म्हटलं तर शिवी देतो, तीही अर्ध्या तोंडानं. शेवटी काड्यापेटी हातात दिली, म्हटलं दातात धर. आडवी गेली. उभी नाही.

११ नोव्हें.

दिवाळी झाली की आम्ही तिघं, मी, सलीम, नाम्या, बाहेर एक जेवण करतो. दरवर्षी चंद्रपूर रोडवरचा धाबा. मागच्या वर्षी नाम्या आला नाही. "पोट बिघडलं." पोट बिघडलं नव्हतं. तिखट लागलं की तोंडात आग होते, घास बारीक करून सरकवावा लागतो, कोपऱ्यातून सांडतो. वहिनी हिला सांगत होत्या, घरीसुद्धा भिंतीकडे तोंड करून जेवतात.

हा माणूस नाटकात विनोदी पात्र करायचा. एंट्रीलाच टाळ्या. पंगतीत याला वाढता वाढता वाढपी टेकीला यायचे.

आज सलीमच्या दुकानात विषय काढला. सलीमची योजना: "चंद्रपूर में वो नवीन बडा हॉटेल झालं ना, तिथी जाऊ. मोठ्या लोकायचं खाणं फिक्कंच राहते. तिखट मागशील तरी देनार नाई."

नाम्या: "मोठ्या लोकायसमोर मी लाळ गाळत बसू का बे?"

सलीम: "ते काऊन पाहतीन तुयाकडे? ते आपल्याच ताटाचे फोटो काढून राह्यले असते."

मी चमचा काउंटरवर ठेवला. नाम्यानं उचलला. फिरवला. अंगठ्यानं कड पाहिली. मग बाहेर रस्त्याकडे बघत म्हणाला, "शनिवारी येतो. पण भिंतीकडची खुर्ची माही."

१६ नोव्हें., रविवार सकाळ

कालचं क्रमानं लिहितो. राहून जाईल काहीतरी.

सलीमच्या गाडीनं गेलो. नाम्या पांढऱ्या शर्टात, कडक इस्त्री.

दार ढकललं तर आवाज नाही. बिजागऱ्या पितळेच्या, लपवून बसवलेल्या. खिशातला टेप काढत होतो, सलीमनं हात धरला. "मिस्तरी, जेवाले आलो, टेंडर भराले नाई."

बसल्यावर टेबलाखाली हात घातला. लोक टेबल वरून पाहतात, मी खालून. खालूनही घासलेलं, कुठंही हाताला कुसळ लागलं नाही. ज्यानं कोणी केलं त्याला नमस्कार. या हॉटेलबद्दल माझं मत तिथंच झालं. खुर्चीची पाठ बरोबर कमरेत येते. ताटल्या गरम करून आणतात, हे मला माहीत नव्हतं. पाणी ओततात तर थेंब बाहेर नाही. वाढणारी पोरगी लहानच, पण नजर पाहा: नाम्यानं भिंतीकडची खुर्ची ओढली तसा तिनं टेबलावरचा दिवा हळूच सलीमकडे सरकवला. नाम्याचा चेहरा सावलीत आला. कोणी तिला सांगितलं नव्हतं. असं काम करणारं माणूस मी फार कमी पाहिलं.

तिखट अजिबात नको, एवढं मी सांगितलं. पहिल्यांदा सूप. इंग्रजी नाव मोठं होतं, वस्तू म्हणजे आपलं कोहळं, लाल भोपळा. रंग असा की भिंतीला द्यावा.

मी रुमालातून चमचा काढून नाम्यापुढं ठेवला. तेव्हा काय वाटलं ते लिहीत नाही.

नाम्यानं एक घोट घेतला. थांबला. दुसरा घेतला. चमचा ठेवला.

सलीम: "का झालं?"

"कडू लागते."

सलीमनं आपलं चाखलं. "मेरा तो एकदम मस्त आहे."

मी पोरीला बोलावलं, वाटी बदला म्हटलं. तिनं का ते विचारलं नाही, बदलून आणली. तीही कडू. आता माझा आवाज चढला. एवढं मोठं हॉटेल, वगैरे वगैरे बोललो. शेजारच्या टेबलावरचे वळून पाहू लागले. नाम्याची मान खाली. खुर्ची मागं सरकवून उठायलाच लागला. "चाल बे. घरी जाऊ. मले नाईच याले पाहिजे होतं."

आज हा उठला तर पुन्हा कोणाच्याच पंगतीला बसत नाही.

तेवढ्यात आतून स्वयंपाकाची मुख्य बाई स्वतः आली. तिशीची असेल. बाह्या दुमडलेल्या, डोक्यावर टोपी. "बसू का?" विचारून खुर्ची ओढली. स्वतःचा चमचा काढून नाम्याच्या वाटीतलं चाखलं. मग माझ्या चमच्याकडे हात केला, "पाहू?" वास घेतला. गरम पाण्याचा ग्लास मागवला, त्यात चमचा बुडवून ठेवला. सलीमशी बोलत राहिली, कुठून आलात, रस्ता कसा आहे. मग चमचा काढून ते पाणी स्वतः प्याली आणि ग्लास माझ्याकडे सरकवला.

मी प्यालो.

माझ्या शेडची चव. रंधा मारल्यावर जो वास सुटतो, तो जिभेवर. कडू.

ती माझ्याकडे वाकून, मलाच ऐकू येईल असं बोलली, "काका, काम फार सुंदर आहे. पण सागवान गरमात तेल सोडते ना. आमच्या सिरोंच्याकडे डाव शिवणीच्या लाकडाचा करतात."

मग सरळ होऊन नाम्याकडे वळली. सगळ्यांना ऐकू जाईल असं, "काका, दोनदा कडू आलं, चूक आमची. आता मी स्वतः करून आणते. पाच मिनिटं बसाल ना?"

नाम्या बसला.

तिनं माझी चूक आपल्या अंगावर घेतली आणि मी घेऊ दिली.

तिसरी वाटी आली. सोबत तिचा स्वतःचा चमचा, आत चव बघायला वापरतात तसला, अरुंद, लांब. नाम्या जेवला. सूप सगळं. मग मासा, गोदावरीचा, काटे काढून, नखाएवढे तुकडे, वर लोणी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, बारीक चिरून. आमच्या दोघांच्या ताटातही तसेच तुकडे, म्हणजे नाम्याचं ताट वेगळं दिसू नये. हे मला घरी आल्यावर लक्षात आलं. मग भात, मऊ, पण शीत न् शीत सुटं. मूलच्या माणसाला भातात फसवता येत नाही. हा भात खरा होता.

भात अर्धा झाला आणि सलीमनं जुन्या नाटकातला कोतवाल काढला. त्यानं वाक्य चुकवलं. नाम्याला चुकीचं वाक्य सहन होत नाही. खुर्ची फिरवली, भिंतीकडं पाठ केली, आणि अख्खा प्रवेश करून दाखवला, अर्ध्या उघड्या तोंडानं. शेजारचं टेबल पुन्हा वळून पाहू लागलं. या वेळी हसायला. ती वाढणारी पोरगी ट्रे धरून उभीच राहिली.

सागवानी चमचा तिथंच सोडून आलो.

परत येताना गाडीत म्हटलं, "नाम्या, सूप नव्हतं कडू. माहा चमचा होता."

"मले मालूम होतं. पयल्याच घोटाले समजलं."

"मग बोलला काऊन नाई?"

"तू रुमालात गुंडाळून आणला बे."

सलीम म्हणाला, "पागल आहे दोघंई."

१९ नोव्हें.

शिवणीचा तुकडा मिळाला. ढोलक्या करणाऱ्याकडून, मनधरणी करून. पांढुरकं, हलकं. मला हे लाकूड कधी आवडलं नाही, रंग नाही, रेष नाही. आपल्या जिल्ह्यात जन्मल्यावर सागवानाशिवाय दुसरं लाकूड डोळ्याला दिसतच नाही. तीस वर्षं लाकडात घालवली आणि एकदाही चाटून पाहिलं नाही.

आता आधी तुकडा उकळतो, पाणी पितो, मग पटाशी लावतो. ही म्हणते, "आता लाकडाचा चहा सुरू केला का? साखर टाकू?"

शिवण: चव नाही. वास नाही.

२३ नोव्हें., रविवार

चमचा झाला. बसनं एकटाच चंद्रपूरला गेलो. दुपारी हॉटेल बंद असतं, मागच्या दारानं गेलो. स्वयंपाकाची मुख्य बाई भेटली, रम्या तिचं नाव. गरम पाण्यात बुडवला, प्याली, मान हलवली. मग चमचा तोंडात आडवा धरून पाहिला आणि म्हणाली, "दांडा थोडा वर उचला. खालचा ओठ दाबते." बरोबर होतं. इतक्या वर्षांत माझं काम कोणी सुधारलं नव्हतं. राग यायला पाहिजे होता. आला नाही.

स्वयंपाकघर पाहू दिलं. प्रत्येक सुरीला तिची जागा. ओट्याची उंची प्रत्येकाच्या कमरेप्रमाणे, बुटक्या पोरासाठी खाली लाकडी पाट. म्हटलं पाट हलतो. म्हणाली, "बसवून द्या मग." बसवून दिला. जेवू घातलं. पैशाचा विषय दोघांनीही काढला नाही.

सागवानी चमचा तिनं भिंतीवर टांगला आहे. "पाहायला छान आहे," म्हणाली. टोमणा नव्हता.

२६ नोव्हें.

नाम्याला दिला. वरण-भात, आमच्याच घरी, आमच्या सगळ्यांसोबत, पंख्याखाली. थोडं सांडलं. पुसलं. पुन्हा खाल्लं.

चमचा धुऊन शर्टाच्या खिशात घातला, पेनासारखा. जिथं खर्ऱ्याची पुडी राहायची तोच खिसा.

३ डिसें.

वहिनींनी नाम्याला दवाखान्यात नेलं. इतके दिवस जायला तयार नव्हता. डॉक्टरनं सांगितलं, खर्रा कायमचा बंद, आणि दातांच्या मधे पातळ काड्या एकावर एक घालायच्या, तोंड ताणायचं, जमेल तशी एक काडी वाढवायची. उघडेल का, ते सांगत नाही. ऑपरेशनचं नंतर पाहू म्हणाला.

काड्या दवाखान्यातल्या होत्या, कडा बोचऱ्या. फेकून दिल्या. शिवणीच्या करून दिल्या, कडा गोल, सगळ्या एका जाडीच्या. नाम्या म्हणतो, "आता तोंडातही तुयंच फर्निचर."

खर्रा बंद आहे असं तो म्हणतो. सलीम म्हणतो, कालच पानठेल्यापाशी उभा दिसला. नुसता उभा होता की काय, ते सलीमला दिसलं नाही.

७ डिसें., रविवार

नाम्यानं स्वतः फोन लावून शनिवारचं टेबल सांगितलं. तिघांचं. मधलं, भिंतीकडचं नाही. मी शेजारी उभा होतो. वर रम्याला निरोप, "तो कोतवाल येऊन राह्यला म्हना."

आज पुन्हा काड्यापेटी लावून पाहिली. उभी अजून जात नाही. तिरपी केली तर कोपरा आत गेला. नाम्या म्हणतो गेली. मी म्हणतो तिरपं माप माप नसते. भांडलो.

सायंकाळी हॉटेलच्या मालकाचा फोन. बोलायला अदबीचा माणूस, गाडी पाठवतो म्हणाला. भिंतीवरचा चमचा त्याला फार आवडला. प्रत्येक टेबलासाठी तसेच पाहिजेत, दांड्यावर हॉटेलचं नाव कोरून. म्हटलं, शिवणीचे करून देतो. म्हणाला, ते फिके दिसतात, चंद्रपूर म्हटलं की लोकांना सागवानच पाहिजे, फोटोत उठून दिसते. म्हटलं, गरमात कडू लागते. म्हणाला, खातो कोण त्यानं, शोभेचे आहेत.

दोनशे चमचे, सागवानी. सत्तर हजार रुपये देतो म्हणाला. टेबलावर ठेवला की कोणीतरी तोंडात घालतेच. नाई म्हटलं.