चिकटवलेलं पातं

प्रिय दादा,

उद्या तुझं वर्षश्राद्ध. सकाळी वहिनीचा फोन आला होता. "भाऊजी, सगळे जमले की यांच्याबद्दल चार शब्द तुम्हीच बोला. शेवटी सोबत तुम्हीच होतात ना?" मी हो म्हणालो. दुपारचं ताट तसंच बाजूला सारलं. म्हणून आधी तुलाच लिहितोय.

त्या रिमोटच्या हेलिकॉप्टरचे काय लाड होते तुझे! दोन्ही पाती एका बोल्टवर अडकवायचास, बोल्ट दोन पेल्यांवर टेकवायचास आणि कुठलं पातं झुकतंय ते बघत बसायचास. हलक्या पात्याला नखाएवढी टेप. त्यासाठी भर मे महिन्यात पंखा बंद! वहिनी म्हणायची, "सोनारसुद्धा एवढं तोलत नाही."

आणि तुझा नियम एकच. आपटलेलं पातं परत लावायचं नाही, फेकायचं.

त्या शनिवारी माझ्या हातून हेलिकॉप्टर आपटलं. एका पात्याच्या टोकाला केसाएवढी चीर गेली. तुला सांगितलं असतं तर तू ओरडला असतास, वर नवी पाती येईपर्यंत उडवणं बंद. चाळिशी उलटलेला माणूस मी, तुझ्या ओरडण्याला भ्यायलो! चीर गोंदाने चिकटवली, वर लाल टेप गुंडाळली. फिरताना ओळखू यावं म्हणून एका पात्याला आपण लाल टेप लावायचोच. दुसऱ्याला साधी टेप लावून वजन जुळवलं.

रविवारी तू पेल्यांवर तपासलंस. पाती जागची हलली नाहीत. "सुध्या, आज पहिल्यांदा हात बसला तुझा!" जन्मात एकदा कौतुक केलंस, तेही ह्याचं. टेपवरून बोट का नाही फिरवलंस रे? एवढा चिकित्सक तू, आणि नेमका त्याच दिवशी भावावर विश्वास टाकलास!

आडगावच्या माळावर रिमोट माझ्या हातात होता. दोन्ही टोकं एका रेषेत फिरतात का ते बघायला तू समोर उकिडवा बसलास. "वाढव अजून," म्हणालास. मी वेग वाढवला. टोक तुटलं आणि तुझ्या गळ्यात घुसलं. हॉस्पिटलपर्यंत तू माझा हात धरून होतास. बोलता येत नव्हतं तुला.

लोक म्हणाले, नशीब. मी मान हलवली. कुणी सांत्वनाला आलं की वाटायचं, ह्याला कळलंय. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! वहिनी तुलाच दोष देते, "वेडापायी संसार टाकून गेले." परवा तुझ्या सईने मला विचारलं, "काका, बाबांनी नीट तपासलं नव्हतं का?" आणि दादा, मी गप्प बसलो. तुझ्या लेकीसमोर!

आता नाही. उद्या पानं वाढण्याआधी सगळ्यांसमोर सांगेन. पातं मी चिकटवलं होतं. सई, तुझ्या बाबांनी नीट तपासलं होतं. मग वहिनी उठा म्हणाली, तर उपाशी उठेन.

तुझा,
सुध्या