बाबांच्या बिड्या किती सांगू?

अहो,

बाबांना घेऊन भिवंडीला दवाखान्यात चाललेय. सकाळपासून त्यांच्या हिरड्यांतून रक्त थांबत नाही. मला तर काही कळेनासंच झालंय. लकवा झाल्यापासून आठ महिने रक्त पातळ करायची हीच गोळी चालू आहे, तेव्हा काही झालं नाही, आणि बिडी सोडून पंधरा दिवस झाले तर हे?

डॉक्टर फोनवर म्हणाले, बिडी सुटली की तीच गोळी जास्त लागू पडते. मग विचारलं, आधी रोज किती ओढायचे? आपण तर डॉक्टरांना लकव्यापासूनच बंद म्हणून सांगितलेलं!

मी तुमच्या चोरून रोज चार द्यायचे. आज गादीखाली तुम्ही ओढता त्या छापाचं अर्धं उरलेलं बंडल सापडलं.

शिफ्टवरून आलात की तिकडेच या. माझ्या चारात तुमच्या किती मिळवू?

कमळ