पानं घे

आई, तुला मी कधी पत्र लिहिलं नव्हतं. नाशिकला शिकायला होते तेव्हाही नाही. तू वाण्याच्या दुकानातून फोन करायचीस, जेवलीस का विचारायचीस, आणि मी काही सांगायच्या आत ठेवून द्यायचीस. तुला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुला ओळखणारं माणूस सिल्वासात शोधावं लागतं. माझ्या नवऱ्यानं तुला पाहिलेलं नाही, मुलीनं तर नाहीच. पण गेल्या आठवड्यात आमच्या घरात तुझा एक शब्द चुकला. तेव्हापासून मला तुझ्याशी बोलायचं आहे.

आम्ही डोकमर्डीला राहतो. नवरा खडोलीच्या एका कारखान्यात मशीनची देखभाल बघतो. तुझी खाणावळ होती त्याच रस्त्यानं त्याची कंपनीची बस जाते. तिथे आता पुठ्ठ्याच्या खोक्यांचं गोदाम आहे. मी कादंबऱ्या लिहिते. दोन छापून आल्या, तिसरी लिहिते आहे, आणि ती तुझ्यावर आहे. मुलगी दहा वर्षांची आहे. ती शाळेत जात नाही, मी तिला घरीच शिकवते. एवढं ऐकून तू हातातलं लाटणं खाली ठेवशील, हे मला ठाऊक आहे.

ती दुसरीपर्यंत शाळेत गेली. डबा रोज भरलेला परत यायचा. विचारलं की म्हणायची, भूक नव्हती. मग तिचं बोलणं कमी होत गेलं. वर्गात इंग्रजी, मैदानावर हिंदी, इमारतीतल्या मुलींशी गुजराती, घरी मराठी. तिच्या एका वाक्यात दोन-तीन भाषा आल्या की बाई तिला उभी करायच्या आणि वर्ग हसायचा. एका सकाळी मी तिच्या बुटाची नाडी बांधत होते. ती म्हणाली, "आज मी बोललेच नाही तर चालेल का?" मी बांधलेली नाडी सोडली आणि बूट काढून ठेवले. मला तेव्हा वाटलं, हे आपल्याला जमेल. भाषा हाच आपला विषय, आणि दिवसभर आपण घरीच तर असतो. घरी असणं आणि मुलीजवळ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा समजलं नव्हतं. तुझ्या घरात वाढूनही.

सुरुवातीचे दिवस चांगले होते. आम्ही दमणगंगेच्या पुलावर उभ्या राहून नदी शिकलो. खानवेलच्या बसमध्ये भाजीच्या पाट्या घेऊन बायका येत, त्यांना ती झाडांची नावं विचारायची आणि त्या हसत हसत सांगायच्या. मग कादंबरी सुरू झाली. आता सकाळी ती टेबलाच्या एका टोकाला गणित करते आणि मी दुसऱ्या टोकाला लिहिते. गणित अडलं की ती पेन्सिल टेबलावर वाजवते. मी म्हणते, "एवढं पान होऊ दे." ते पान होतं आणि दुसरं सुरू होतं. ती पुन्हा पेन्सिल वाजवते. अलीकडे ती वाजवत नाही, अडलेलं गणित सोडून पुढचं घेते. तळमजल्यावरच्या गुजराती आंटी तिला रोज विचारतात, "बेटा, आजे पण रजा?" आणि ती सांगते, "मारे तो रोज रजा छे, आंटी." आंटी खूप हसतात. वर आल्यावर ती हे मला सांगत नाही. मी जिन्यात ऐकलं आहे.

तुझ्याकडे माणसं मोजत नसत, पानं मोजत. आज पन्नास पानं झाली, आज पाऊस म्हणून पानं कमी. केळीचं पान त्या पत्र्याच्या खोलीत कधी आलं नाही, होती ती स्टीलची ताटं, पण तू त्यांना पानंच म्हणायचीस. तू चुलीपाशी पाठमोरी, आणि कारखान्याचा भोंगा झाला की मागे न बघता तुझा आवाज यायचा, "पानं घे गं." मी ताटं मांडायचे, पेल्यांत पाणी भरायचे, आणि जाऊन पिठाच्या पोत्यावर पुस्तक घेऊन बसायचे. पाळी संपवून, कोणी पाळीवर जाण्याआधी, धुळ्या-जळगावकडची माणसं येत. त्यांच्या केसांत, भुवयांवर सुताची पांढरी कुसं असायची. सगळ्यांची पानं उठली की मग आपलं पान, हा तुझा नियम होता. भाजी तोवर थंड झालेली असे, कधी नुसता रस्सा उरलेला असे.

एकदा मला भूक आवरली नाही आणि मी पंगतीत जाऊन बसले. मी बसले आहे, समोर ताट आहे, तू पोळ्यांची परात कमरेला लावून एकेकाला वाढत येते आहेस. माझ्यापाशी येऊन तू थांबतेस.

"तू काय गिऱ्हाईक आहेस? ऊठ."

कोणीतरी हसतं. शेजारचा शिरपूरकडचा माणूस थोडा सरकतो. "बसू द्या ना मावशी. पोर शे. भूक लागनी व्हई तिले."

"ती कुठं पळून चाललीय? घरचीच आहे. तुमची पाळी चुकंल, जेवा."

मी उठले. ते ताट पुसून तू दुसऱ्याला दिलंस. त्या माणसानं स्वतःच्या पानातला गूळ मला देऊ केला. मी तो घेतला नाही.

शाळेच्या बाबतीत मात्र तू ऐकायची नाहीस. अंग कोमट असलं तर हात लावून बघायचीस आणि म्हणायचीस, "हा काही ताप नाही." एकदा मी म्हटलं, आज घरी राहते, पोळ्या लाटायला मदत करते. तू माझ्या हातातून लाटणं ओढून घेतलंस. "हे हातात धरलंस की सुटायचं नाही. दप्तर घे." मी पुस्तकं वाचणारी झाले ती त्या ओढून घेण्यामुळे, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले.

आणि दहावीचा निकाल लागला तो दिवस. माणसं दाराबाहेर उभी होती. तू भिंतीशी एकच पाट मांडलास आणि मला बसवलंस. बाहेरून ताटकळलेलं कोणीतरी ओरडलं, "मावशी, कव्हर उभं ऱ्हावानं?" तू म्हणालीस, "थांबा. आज पहिलं पान हिचं." शेवेची भाजी होती, गरम होती, तर्री अजून हलत होती. वाढून झाल्यावर तू समोर बसलीस आणि हात मांडीवर ठेवलेस. तुझे हात रिकामे असलेले मला तोवर माहीत नव्हते. मी जेवेपर्यंत, बाहेर माणसं कुरकुरत होती तरी, तू उठली नाहीस.

आता गेल्या आठवड्यातलं सांगते. नवरा पहिली पाळी करून जेवायला येणार होता. मी त्या पंगतीचंच प्रकरण लिहीत होते, तू मला उठवतेस ते. खाली बस थांबल्याचा आवाज आला आणि मी मान वर न करता म्हटलं, "पानं घे गं." आमच्याकडे आम्ही ताटं म्हणतो. त्या दिवशी तुझा शब्द आला. मुलगी उठली. तिच्या पावलांचा आवाज ऐकला, कागदांची सळसळ ऐकली, आणि मी लिहीत राहिले.

नवरा दारात उभा राहून हसायला लागला तेव्हा मी वळून बघितलं. तिनं खाली तीन आसनं टाकली होती. प्रत्येकासमोर माझ्या कादंबरीचं एक एक लिहिलेलं पान ठेवलं होतं. स्वतः ती मधल्या आसनावर मांडी घालून बसली होती.

"आज कादंबरी जेवायची वाटतं," नवरा म्हणाला.

"आई म्हणाली पानं घे."

"अगं, पानं म्हणजे ताटं," मी म्हटलं.

"मग ताटं म्हण ना. दिवसभर तर तू ह्यांनाच पानं म्हणतेस." तिनं समोरचा कागद सरळ केला. "मला वाटलं, आज तू वाचून दाखवणार. आम्हाला दोघांना."

नवरा हात धुऊन आत गेला. कुकरचं झाकण उघडल्याचा आवाज आला. कुकर रिकामा होता, तांदूळ धुऊन तसेच बाजूला ठेवलेले होते. ताटं घेतली असती तरी त्यांत वाढायला घरात काही नव्हतं. त्यानं डाळ काढली आणि खिचडी टाकली. मी ती तीन पानं उचलली. तिच्यासमोरच्या पानावर तू होतीस, परात कमरेला लावून.

खिचडी खाताना तो म्हणाला, "जूनमध्ये हिचं नाव घालू या का? दुसरी शाळा बघू, लहानशी." रागानं म्हणाला नाही. उत्तर मुलीनं दिलं. ताटाकडे बघत ती मला म्हणाली, "शाळेत गेले तर डबा देशील ना? आता मी संपवीन."

आई, तिनं शाळा मागितली नाही. डबा मागितला.

त्या दिवसापासून मी हिशेब जुळवते आहे. ती शाळेत गेली तर सकाळपासून दुपारपर्यंत घर माझं. कादंबरी यंदा पुरी होईल. ती घरी राहिली तर मी तिला एक पान, एक पान करत आणखी एक वर्ष बसवून ठेवीन. नवऱ्याला वाटतं, मी मुलीच्या भल्याचा विचार करते आहे. करतेच. पण शाळेचा विषय निघाला तेव्हा माझ्या मनात आधी रिकामं टेबल आलं, मुलगी नंतर आली. म्हणून तुला विचारायचं होतं. तू मला रोज दप्तर देऊन घराबाहेर काढलंस ते माझ्यासाठी, की पानं वेळेवर व्हावीत म्हणून? ते लाटणं तू कोणासाठी ओढून घेतलंस? पूर्वी मला याचं एकच उत्तर यायचं. आता मी तुझ्या जागी पाठमोरी बसले आहे, तर दोन्ही उत्तरं खरी वाटतात, आणि ती एकमेकांपासून सोडवता येत नाहीत. तुला तरी सोडवता आली असतील का?

कादंबरीत पोत्यावर बसलेली मुलगी आहे. पंगतीतून उठवलेली मुलगी आहे. निकालाच्या दिवशीचं ते पहिलं पान नाही. दोनदा लिहायला घेतलं आणि सोडून दिलं. ते आलं की तुझ्यावरची माझी तक्रार ढिली पडते, आणि दोनशे पानं त्या तक्रारीवर उभी आहेत. म्हणून तू अजून तिथे मागे न बघता आवाज देणारी बाईच आहेस.

काल आम्ही तिघं शाळा बघून आलो. मराठी शाळा आहे, वर्ग लहान आहेत. मुलीनं बाईंना एकच विचारलं, डबा कुठे बसून खायचा. बाईंनी पटांगणातलं कडुनिंबाचं झाड दाखवलं. ती जाऊन त्याच्या पारावर थोडा वेळ बसून आली. जूनपासून ती तिथे जाईल.

आज नवरा दुसऱ्या पाळीला आहे. दुपारी मी कागद बाजूला ठेवले आणि शेवेची भाजी केली, तुझ्यासारखी तिखट नाही, तिला सोसत नाही. मग म्हटलं, "पानं घे."

"कुठली?" तिनं विचारलं. आता तिचा हा विनोद झाला आहे.

"जेवायची. आणि एकच घे. आज पहिलं पान तुझं."

तिनं माझ्याकडे संशयानं पाहिलं, पण घेतलं. मी वाढलं, समोर बसले आणि हात मांडीवर ठेवले. तसं बसणं किती अवघड असतं, ते तू सांगितलं नव्हतंस. टेबल माझ्या पाठीमागे होतं. मागे वळून न बघण्याकडेच माझं सगळं लक्ष होतं. तिनं चार घास खाल्ले आणि थांबली.

"तू लिहीत का नाहीस?"

"तू जेवतेस ना."

हातातला घास तसाच धरून ती म्हणाली, "मग मी हळूहळू जेवू?"

हे पत्र मी त्या दोनशे पानांखाली ठेवून देईन. ते टपालात टाकायचं नाही, आणि जिथे पाठवायला हवं होतं तिथे आता पुठ्ठ्याची खोकी आहेत. पण एवढं तुला सांगायला हवं. मी तिला हो म्हटलं, आई. फक्त लगेच म्हटलं नाही.